शून्यातून सृष्टी, ‘गुप्त खजिना’ आणि ज्ञानाची वाट : इस्लामी परंपरा नेमके काय म्हणते?

प्रश्न – सांख्यजिज्ञासू

नमस्कार. भारतीय दर्शनांचा माझा थोडाफार अभ्यास आहे आणि अलीकडे इस्लामी तत्त्वज्ञानाकडे वळलो आहे. सृष्टीच्या उत्पत्तीविषयी वाचताना जी अडचण उभी राहिली, ती जाणकारांपुढे मांडतो.

सर्वसाधारण पुस्तकांत असे वाक्य हमखास भेटते की, ईश्वराने ‘कुन’, म्हणजे ‘हो’, असे म्हटले आणि विश्व शून्यातून निर्माण झाले. ज्याच्या मनात सत्कार्यवाद (कार्य उत्पत्तीपूर्वीच कारणात असते, हा सांख्य दर्शनाचा सिद्धान्त) मुरलेला आहे, त्याला हे विधान सहजासहजी स्वीकारता येत नाही. छांदोग्य उपनिषदात उद्दालक श्वेतकेतूला हेच विचारतो, की असतापासून सत् कसे उत्पन्न होईल? हा आक्षेप मुस्लिम विचारवंतांना सुचलाच नाही, असे मला वाटत नाही. मात्र त्यांनी त्याचे काय केले, हे मला कोठे सलग वाचायला मिळालेले नाही.

दुसरी गोष्ट अशी, की सूफींच्या लेखनात वारंवार एक वचन येते : ‘मी एक गुप्त खजिना होतो, मला कोणी ओळखावे अशी मला आवड निर्माण झाली, म्हणून मी सृष्टी रचली.’ येथे आज्ञेची भाषा मागे पडते आणि प्रेमाची पुढे येते. हे वचन कुराणात आहे का? नसल्यास त्याचा अधिकार कोणता?

तिसरा प्रश्न या दोहोंतून निघतो. सृष्टीविषयी लिहिणारा जवळजवळ प्रत्येक मुस्लिम लेखक थोड्याच पानांत ज्ञानाकडे वळतो; माणसाला खरे ज्ञान कसे होते, कोणाकडून होते, बुद्धीने होते की साधनेने, अशी चर्चा सुरू होते. हा केवळ ग्रंथरचनेचा संकेत आहे, की या दोन विषयांत आतून काही संबंध आहे? उत्तरे सविस्तर असली तरी चालतील.

प्रतिसाद – मिरजकर मास्तर

आपण प्रश्न नेमके विचारले आहेत, म्हणून प्रथम मूळ ग्रंथात काय आहे आणि काय नाही, तेवढेच सांगतो.

कुरआनात सृष्टीची कथा आरंभापासून शेवटपर्यंत एका जागी सांगितलेली नाही. बायबलच्या पहिल्या प्रकरणात पहिला दिवस, दुसरा दिवस असा जो क्रम आहे, तो येथे शोधू गेल्यास निराशा होते. उल्लेख विखुरलेले आहेत आणि बहुतेक ठिकाणी ते दुसऱ्याच मुद्द्याच्या पुष्ट्यर्थ, म्हणजे मृत्यूनंतर पुन्हा उठविले जाण्याच्या किंवा ईश्वराच्या एकत्वाच्या समर्थनार्थ आलेले आहेत. आकाश आणि पृथ्वी सहा दिवसांत निर्माण केल्याचे सात ठिकाणी सांगितले आहे. सूरा (अध्याय) काफच्या ३८व्या आयतीत (वचनात) त्याला जोडूनच ‘आम्हाला थकवा शिवला नाही’ असे म्हटले आहे आणि भाष्यकार त्याचा रोख सातव्या दिवसाच्या विश्रांतीच्या कल्पनेकडे असल्याचे सांगतात. ‘दिवस’ म्हणजे आपले चोवीस तास, असे मानण्याचे कारण नाही, कारण एका ठिकाणी (२२:४७) प्रभूचा दिवस तुमच्या हजार वर्षांसारखा आणि दुसऱ्या ठिकाणी (७०:४) एक दिवस पन्नास हजार वर्षांच्या मापाचा सांगितला आहे.

सूरा ४१च्या ९ ते १२ या आयतींत पृथ्वीसाठी दोन दिवस, तिच्यावरील पर्वत आणि अन्नाच्या व्यवस्थेसाठी चार दिवस आणि सात आकाशांसाठी दोन दिवस येतात. बेरीज आठ होते. चारमध्ये पहिले दोन समाविष्ट आहेत, असे भाष्यकारांनी फार पूर्वीच सांगून ठेवले आहे. तरीही दर काही वर्षांनी कोणीतरी हा शोध नव्याने लावल्याच्या आनंदात असतो.

आता आपला शून्याचा मुद्दा. ‘कुन’ची आज्ञा अनेक आयतींत आहे; २:११७ आणि ३६:८२ या सर्वांत परिचित आहेत. परंतु त्याच ग्रंथात असेही आहे की, आकाश-पृथ्वीच्या निर्मितीसमयी त्याचे सिंहासन पाण्यावर होते (११:७), तो आकाशाकडे वळला तेव्हा ते धूर होते (४१:११), आकाश आणि पृथ्वी एकत्र जोडलेली होती, ती आम्ही विलग केली आणि प्रत्येक सजीव वस्तू पाण्यापासून केली (२१:३०). मानवाविषयी तर मातीचा उल्लेख पुन्हा पुन्हा आहे. दुसरीकडे हजरत झकरिया यांना वृद्धापकाळी पुत्रप्राप्तीची वार्ता मिळते, तेव्हा ‘याआधी मी तुला निर्माण केले, त्या वेळी तू काहीही नव्हतास’ असे सांगितले जाते (१९:९). म्हणजे ‘काहीही नव्हते’ हे विधान आहे आणि ‘अमुकापासून केले’ हेही आहे. ‘शून्यातून निर्मिती’ हा पारिभाषिक सिद्धान्त ग्रंथातून जशाच्या तसा उचललेला नसून, तो धर्मशास्त्र्यांनी, म्हणजे मुतकल्लिमांनी, या सगळ्या आयती एकत्र ठेवून मांडलेला निष्कर्ष आहे.

तिसऱ्या प्रश्नाचे मूळही येथेच सापडते. पैगंबरांना हिरा गुहेत प्रथम मिळालेल्या आयती (९६:१–५) पाहा. पहिल्या दोनमध्ये निर्मिती आहे : वाच, आपल्या प्रभूच्या नावाने, ज्याने निर्माण केले, ज्याने मानवाला रक्ताच्या गुठळीपासून घडविले. चौथ्या-पाचव्यात ज्ञान आहे : ज्याने लेखणीद्वारे शिकविले, मानवाला जे ठाऊक नव्हते ते शिकविले. आदमच्या प्रसंगातही तेच दिसते. पृथ्वीवर प्रतिनिधी नेमण्याचा संकल्प ऐकून देवदूत विचारतात, की जो तेथे उत्पात माजवील आणि रक्त सांडील, त्याला तू नेमणार काय? उत्तरादाखल आदमला सर्व वस्तूंची नावे शिकविली जातात आणि देवदूतांची परीक्षा घेतली जाते. ती नावे त्यांना सांगता येत नाहीत. आदमचे श्रेष्ठत्व त्याच्या मातीवरून किंवा आज्ञाधारकपणावरून ठरलेले नाही, ते त्याला दिल्या गेलेल्या ज्ञानावरून ठरले आहे. तेव्हा निर्मिती आणि ज्ञान यांची सांगड लेखकांनी मागाहून घातलेली नाही.

तत्त्वज्ञांच्या वादाविषयी माझ्यापेक्षा अधिक जाणणारे लोक येथे आहेत, त्यांनी लिहावे.

प्रतिसाद – कुर्तुबा

मास्तरांनी जेथे सोडले, तेथूनच पुढे जातो. आपला तिसरा प्रश्न मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. माझे म्हणणे असे आहे, की इस्लामी विचारात जो ज्या प्रकारे सृष्टीची उत्पत्ती मानतो, त्यावरूनच तो ‘जाणणे’ कशाला म्हणतो, हे ठरते. हे तीन विचारवंतांच्या आधारे दाखविता येईल.

इब्न सीना (९८०–१०३७) यांच्या मते ज्याचे असणे स्वतःसिद्ध आणि अनिवार्य आहे, असे अस्तित्व एकच. बाकी सर्व काही केवळ ‘शक्य’ आहे, म्हणजे स्वतःच्या बळावर ते असूही शकले असते आणि नसूही. त्या अनिवार्य अस्तित्वापासून प्रथम एक चैतन्य प्रकट होते, त्यापासून दुसरे, अशी परंपरा दहाव्या चैतन्यापर्यंत येते, आणि हे दहावे चैतन्य आपल्या चंद्राखालच्या जगातील वस्तूंना त्यांची रूपे देते. हा प्रवाह कोणत्याही क्षणी ‘सुरू’ झालेला नाही. हात हलला की त्यातील किल्ली हलते. दोन्ही एकाच वेळी घडत असले तरी किल्ली हातावर अवलंबून आहे, हात किल्लीवर नाही. ईश्वर आणि विश्व यांचे पौर्वापर्य याच प्रकारचे आहे, काळातले नाही. आता ज्ञानाकडे पाहा. जे दहावे चैतन्य वस्तूंना रूपे देते, तेच मानवी बुद्धीला त्या रूपांचे ज्ञान देते. शिकणे म्हणजे मन त्याच्याशी जोडले जाण्याच्या योग्यतेला आणणे, आणि पैगंबर म्हणजे ज्याला ही जोड जवळजवळ विनासायास लाभते असा मनुष्य. सृष्टीचा जिनाच ज्ञानाच्या चढणीलाही उपयोगी पडतो.

अबू हामिद गझाली (१०५८–११११) यांनी १०९५ साली ‘तहाफुतुल फलासिफा’ या ग्रंथात या मांडणीवर वीस मुद्द्यांचा हल्ला चढविला. त्यांपैकी तीनच मुद्द्यांवर त्यांनी तत्त्वज्ञांना धर्मबाह्य ठरविले : विश्व अनादी मानणे, ईश्वराला केवळ सामान्यांचे ज्ञान आहे आणि विशिष्ट घटनांचे नाही असे मानणे, आणि देहासह पुनरुत्थान नाकारणे. पहिल्या मुद्द्यावर तत्त्वज्ञांचा खोचक प्रश्न असा होता, की सर्व क्षण सारखेच असतील तर ईश्वराने अमुकच क्षणी विश्व का निर्माण केले? गझालींनी येथे खजुरांचा दृष्टान्त दिला. भुकेल्या माणसापुढे तंतोतंत सारखे दोन खजूर ठेवले आणि एकच घेता येईल असे असले, तर तो उपाशी बसत नाही, एक उचलतोच. दोन सारख्या गोष्टींतून एक निवडणे, हेच तर इच्छाशक्तीचे कार्य आहे. शिवाय काळ स्वतःच विश्वाबरोबर निर्माण झाला असल्यामुळे ‘त्याआधीचे क्षण’ हे शब्द अर्थशून्य ठरतात.

पण अधिक खोलवर जाणारा मुद्दा सतराव्या प्रकरणात आहे. कापूस आगीजवळ नेला की जळतो. यात आग हे कारण आहे, असे आपण पाहिले आहे का? आपण पाहिले ते इतकेच, की आग लागली आणि कापूस जळला. जाळण्याचे कर्तृत्व गझाली आगीकडे देत नाहीत, ते ईश्वराकडे ठेवतात. या मागे अशअरी धर्मशास्त्राची बैठक आहे, ज्यानुसार जग अविभाज्य कणांचे बनलेले असून त्या कणांवरील गुण दोन क्षणही टिकत नाहीत. ते प्रत्येक क्षणी नव्याने निर्माण केले जातात. सृष्टी असे कृत्य असेल, जे आत्ता, या क्षणीही चालू आहे, तर वस्तूंची कार्यकारण-साखळी पकडून कर्त्यापर्यंत पोहोचता येणार नाही. ज्ञानही मग त्याच्याकडून दिले जावे लागेल. ‘अल-मुन्किज’ या आत्मवृत्तात गझाली सांगतात, की जवळजवळ दोन महिने इंद्रियांवर आणि बुद्धीच्या मूलतत्त्वांवरही त्यांचा विश्वास उरला नव्हता, आणि जो परत आला तो एखाद्या युक्तिवादाने आला नाही, ईश्वराने हृदयात टाकलेल्या प्रकाशाने आला. तहाफुतमधला कापूस आणि मुन्किजमधला प्रकाश यांच्याविषयी अभ्यासक पुष्कळदा वेगवेगळ्या प्रकरणांत लिहितात. मला ते एकच प्रकरण वाटते.

तिसरे इब्न रुश्द (११२६–११९८). त्यांनी गझालींना सविस्तर उत्तर दिले, परंतु आपल्या प्रश्नाच्या दृष्टीने ‘फस्लुल मकाल’ हा त्यांचा लहानसा ग्रंथ अधिक उपयोगी आहे. मास्तरांनी वर दिलेल्या सिंहासनाच्या आणि धुराच्या आयतीच त्यांनी तेथे पुढे केल्या आहेत. ते म्हणतात, की शब्दशः अर्थ घ्यायचाच असेल तर या आयतींवरून आपल्या विश्वाआधी काही अस्तित्व आणि काही काळ होता असे निघते. ईश्वर होता आणि त्याच्यासोबत निव्वळ शून्य होते, असे ग्रंथात कोठेही स्पष्ट म्हटलेले नाही. म्हणून शून्यातून निर्मिती मानणारे धर्मशास्त्रीही प्रत्यक्षात शब्दार्थ सोडून अर्थ लावतच आहेत, आणि तत्त्वज्ञांनी तेच केले तर त्यांना दोष देण्याचा अधिकार त्यांना पोहोचत नाही. कुर्तुब्याच्या (स्पेनमधील कॉर्दोबाच्या) या काझींच्या लेखी ज्ञानाचा मार्ग सिद्ध प्रमाणांचा आहे, आणि एक सत्य दुसऱ्या सत्याच्या विरोधात जाऊ शकत नाही, यावर त्यांचा भर आहे. एवढे असूनही ११९५ मध्ये त्यांना काही काळ लुसेना येथे हद्दपारी भोगावी लागली.

तेव्हा उद्दालकाचा आक्षेप मुस्लिम विचारवंतांना सुचला होता, एवढेच नव्हे, तर सुमारे दीडशे वर्षे त्यावर त्यांच्यातील सर्वांत तल्लख माणसे झुंजत होती.

प्रतिसाद – रावी

वरील दोन्ही प्रतिसाद वाचले. ‘गुप्त खजिना’ या वचनाविषयी कोणीच स्पष्ट लिहिले नाही, म्हणून हदीसशास्त्राच्या, म्हणजे पैगंबरांच्या वचनांच्या चिकित्सेच्या, बाजूने लिहितो.

हे वचन कुरआनात नाही. हदीसच्या सहा मान्य संग्रहांतही नाही. त्याला कथनकर्त्यांची कोणतीही परंपरा, दुर्बलदेखील, ज्ञात नाही, असे धर्मशास्त्री इब्न तैमिया (१२६३–१३२८) यांनी म्हटले आहे आणि नंतरच्या हदीस-पंडितांनी त्याला दुजोरा दिला आहे. विशेष म्हणजे सूफी विचारवंत इब्न अरबी स्वतः हे नाकारीत नाहीत. ते म्हणतात, की हे वचन कथनपरंपरेने सिद्ध नाही, परंतु आध्यात्मिक उन्मीलनाने, म्हणजे कश्फने, सत्य आहे. ज्याला कश्फ हे प्रमाण मान्य आहे, त्याने ते जरूर मानावे. पैगंबरांच्या नावावर एखादे वाक्य घालण्यासाठी मात्र मला तेवढे पुरेसे वाटत नाही. ‘ज्याने स्वतःला ओळखले त्याने आपल्या प्रभूला ओळखले’ आणि ‘चीनपर्यंत जावे लागले तरी ज्ञान मिळवा’ ही अतिशय लोकप्रिय वचनेही हदीस-पंडित प्रमाण मानीत नाहीत. ‘ज्ञान मिळविणे प्रत्येक मुस्लिमावर अनिवार्य आहे’ हे वचन मात्र इब्न माजा यांच्या संग्रहात आहे.

सृष्टीच्या आरंभाविषयी प्रमाण हदीस हवी असेल तर बुखारींच्या संग्रहातील इम्रान बिन हुसैन यांचे कथन पाहावे. येमेनहून आलेल्या लोकांनी पैगंबरांना विचारले, की या सगळ्याचा आरंभ कसा झाला? उत्तर मिळाले : अल्लाह होता आणि त्याच्याखेरीज काही नव्हते, त्याचे सिंहासन पाण्यावर होते, त्याने सर्व काही लिहून ठेवले आणि आकाश व पृथ्वी निर्माण केली. इतक्यात कोणीतरी इम्रान यांना सांगितले, की तुमची सांडणी सुटून पळाली. ते तिच्या मागे गेले आणि पुढचे बोलणे ऐकायचे राहून गेले. पुढे ते म्हणत, की ती गेली असती तरी चालले असते, मी उठायला नको होते! सृष्टीच्या आरंभाविषयीचे आपले सर्वांत प्रमाण कथन असे अर्ध्यावर तुटलेले आहे, आणि कथनकर्त्याने ते जोडून पुरे केले नाही, हे मला त्याच्या प्रामाण्याचेच लक्षण वाटते.

याच कथनाच्या एका पाठात ‘त्याच्याखेरीज काही नव्हते’ ऐवजी ‘त्याच्याआधी काही नव्हते’ असे आहे. इब्न तैमिया यांनी दुसरा पाठ पसंत केला आणि त्यावरून असे प्रतिपादन केले, की कोणतीही एक निर्मित वस्तू अनादी नाही, परंतु ईश्वर कधीही निष्क्रिय नव्हता, त्याचे निर्माणकार्य अखंड आहे. लोक त्यांना केवळ कर्मठ म्हणून ओळखतात. या प्रश्नावर ते अशअरींच्या बरेच पलीकडे गेले आहेत.

उपप्रतिसाद – सांख्यजिज्ञासू

तिन्ही प्रतिसादांबद्दल मनःपूर्वक आभार. सांडणीचा प्रसंग वाचून मी थोडा वेळ पुढे वाचूच शकलो नाही.

एक शंका अजून शिल्लक आहे. ‘हो’ ही आज्ञा आहे आणि आज्ञेला ऐकणारा लागतो. जी वस्तू अद्याप नाहीच, तिला ‘हो’ असे कोणी कसे म्हणेल? आणि ती वस्तू कोणत्या तरी अर्थाने आधीच असेल, तर तो माझ्या सांख्यांच्या बराच जवळ येणारा विचार होईल. इब्न अरबींविषयीही कोणी लिहावे. रावी यांचा आक्षेप लक्षात ठेवूनच विचारतो.

प्रतिसाद – माहीमकर

आपली शंका जुनी आहे. सूरा १६च्या ४०व्या आयतीत शब्दच असे आहेत, की आम्ही एखादी वस्तू इच्छितो तेव्हा तिला एवढेच म्हणतो, की हो, आणि ती होते. ‘तिला’ म्हणजे कोणाला? मुअतझिला या बुद्धिवादी धर्मशास्त्रीय पंथाच्या अनेक पंडितांनी उत्तर दिले, की जे अस्तित्वात नाही तेही एक ‘वस्तू’ असते, फक्त तिला अस्तित्व लाभलेले नसते. अशअरींनी हे साफ नाकारले, कारण त्यामुळे ईश्वराबरोबर आणखी काहीतरी अनादी मानल्यासारखे होते.

मुर्सिया येथे ११६५ मध्ये जन्मलेले आणि १२४० मध्ये दमास्कसला निवर्तलेले इब्न अरबी या दोहोंमधून वाट काढतात. त्यांच्या मते प्रत्येक वस्तू ईश्वराच्या ज्ञानात अनादी काळापासून स्थिर आहे. तिला बाह्य अस्तित्वाचा गंधही लागलेला नाही, तरी ती ज्ञात आहे. आणि ज्ञात असल्यामुळेच ‘हो’ ही आज्ञा तिला ऐकू येते. म्हणजे निर्मिती निव्वळ असतापासून नाही. तरीही ही सांख्यांची प्रकृती नव्हे, हे ध्यानात घ्यावे. प्रकृती (जगाचे मूलद्रव्य) पुरुषाहून (चैतन्याहून) स्वतंत्र आहे आणि तिच्यात स्वतःचे सामर्थ्य आहे. या स्थिर वस्तूंना स्वतःचे असे काहीच नाही, जे काही अस्तित्व दिसते ते एकाच परम अस्तित्वाचे आहे. आपल्याला साम्य शोधायचेच असेल तर ते वेदान्ताच्या बाजूला शोधावे, आणि तेही सावधपणे.

गझालींच्या परंपरेतील ‘क्षणोक्षणी निर्मिती’ इब्न अरबींनी घेतली आणि पुढे नेली. ‘फुसूसुल हिकम’ या आपल्या ग्रंथातील पैगंबर शुऐब यांच्यावरील प्रकरणात ते म्हणतात, की अशअरींना हे सत्य गुणांपुरतेच गवसले, वास्तविक संपूर्ण विश्वच प्रत्येक श्वासागणिक लोपते आणि नव्याने प्रकट होते. नवी वस्तू जुनीसारखीच असल्यामुळे लोकांना ते कळत नाही. ‘ते नव्या निर्मितीविषयी संभ्रमात आहेत’ (५०:१५) ही आयत रूढ अर्थाने पुनरुत्थानाविषयीची आहे. इब्न अरबी ती या क्षणाला लावतात. बिल्किस राणीचे सिंहासन पापणी लवते न लवते तोच सुलेमान यांच्यापुढे आले, या प्रसंगाचा उलगडाही ते असाच करतात : सिंहासन वाटेने प्रवास करीत आले नाही, ते तेथे लोपले आणि येथे प्रकट झाले.

कुर्तुबा यांच्या मांडणीला येथे चौथे नाव जोडता येईल. सृष्टी हे जर ईश्वराचे नित्य नवे प्रकटन असेल, तर ज्ञान म्हणजे हृदयाने त्या प्रत्येक प्रकटनाबरोबर पालटत राहणे होय. एका व्याख्येला धरून बसणारी बुद्धी येथे मागे पडते, असे इब्न अरबी सांगतात. तरुणपणी कुर्तुबा शहरात त्यांची इब्न रुश्द यांच्याशी भेट झाली होती. वृद्ध तत्त्वज्ञाने विचारले, की तुम्हाला उन्मीलनातून जे गवसले, तेच आम्हाला विचारातून मिळते का? इब्न अरबी ‘हो’ म्हणाले, मग ‘नाही’ म्हणाले. हा वृत्तान्त त्यांनी स्वतःच लिहिलेला असल्यामुळे त्यात त्यांची बाजू वरचढ दिसणे स्वाभाविक आहे. इब्न रुश्द यांनी लिहिला असता तर तो निराळा झाला असता, अशी माझी समजूत आहे.

आता थोडे आपल्या भूमीविषयी. ही विचारधारा पंधराव्या शतकाच्या आरंभीच मुंबईच्या किनाऱ्यावर पोहोचली होती. माहीमचे मखदूम अली (१३७२–१४३१) हे कोकणातील नवायत समाजातील विद्वान इब्न अरबींचे अनुयायी होते. त्यांनी फुसूसवर भाष्य लिहिले आणि अरबी भाषेत कुरआनचे ‘तब्सीरुर्रहमान’ हे भाष्य रचले, जे एकोणिसाव्या शतकात कैरोजवळच्या बुलाक येथील छापखान्यात छापले गेले. त्या भाष्याचे वैशिष्ट्य असे, की आयतींमधील परस्परसंबंध ते जागोजागी उलगडून दाखवितात आणि प्रत्येक सूरेच्या आरंभी येणाऱ्या ‘बिस्मिल्लाह’चा अर्थ त्या त्या सूरेच्या विषयानुसार नव्याने सांगतात. तेच शब्द प्रत्येक वेळी नवे होतात. यात इब्न अरबींच्या नित्यनूतन सृष्टीची छाया आहे, असे मला वाटते. त्यांच्याविषयी अशी आख्यायिका सांगतात, की आईला सोडून विद्येसाठी दूरदेशी जाणे त्यांना जमेना, तेव्हा खुद्द ख्वाजा खिज्र यांनी समुद्रकिनारी त्यांना शिकविले. इतिहास म्हणून तिची किंमत काहीही असो, तिच्या मागे सूरा कहफमधील प्रसंग आहे. त्यात हजरत मूसा ज्या सेवकाच्या शोधात जातात, त्याला ईश्वराने स्वतःकडून ज्ञान दिलेले असते (१८:६५), आणि परंपरा त्याला खिज्र म्हणते. तो नावेला भोक पाडतो, एका मुलाला मारतो, पडायला आलेली भिंत उभी करतो. मूसा दर वेळी आक्षेप घेतात आणि शेवटी दोघांची ताटातूट होते. माहीमच्या उरुसाला लोटणाऱ्या गर्दीपैकी फार थोड्यांना ठाऊक असते, की येथे निजलेला माणूस तत्त्वज्ञानाचा एवढा मोठा भाष्यकार होता.

प्रतिसाद – रावी

माहीमकर यांनी खिज्र यांचा प्रसंग काढला, म्हणून एक मर्यादा नोंदवितो. खिज्र यांच्या कृत्यांचे समर्थन त्या प्रसंगापुरते आणि थेट ईश्वरी आज्ञेने झालेले आहे. ‘मी ते माझ्या मनाने केले नाही’ असे ते स्वतःच सांगतात (१८:८२). त्यावरून कोणाही साधकाने आपले अंतर्ज्ञान शरीअतच्या वर आहे असे समजू नये, हे जुन्या सूफींनीही बजावून सांगितलेले आहे. ‘आमचा मार्ग ग्रंथ आणि सुन्ना (पैगंबरांचा आचार) यांनी बांधलेला आहे’, हे बगदादचे सूफी जुनैद यांचेच वचन आहे. बाकी मखदूम साहेबांच्या भाष्याविषयी माझ्या मनातही आदरच आहे.

प्रतिसाद – कुर्तुबा

चर्चा येथवर आली आहे, तर एका संभाव्य गैरसमजाचे निरसन करतो. आग जाळीत नाही, असे म्हणणाऱ्याला वैद्यक किंवा गणित व्यर्थ वाटत असेल, असा तर्क कोणी करील. गझालींच्या बाबतीत तो चुकीचा आहे. ईश्वराची रीत नियमित असते, म्हणून कापूस जळणार हे गृहीत धरून चालण्यास त्यांची हरकत नाही. त्या नियमिततेला अनिवार्यता म्हणण्यास आहे. ‘इह्या उलूमिद्दीन’ या त्यांच्या चाळीस भागांच्या ग्रंथाचा पहिलाच भाग ज्ञानाविषयी आहे आणि त्यात वैद्यक व गणित ही समाजाची सामूहिक कर्तव्ये मानली आहेत : कोणीच ती पार पाडली नाहीत तर सर्वांना दोष लागतो. ते संतापून लिहितात, की कित्येक शहरांत मुस्लिमेतरांखेरीज वैद्य नाही, आणि तरीही सगळे कायदेशास्त्राकडेच धाव घेतात. कारण वैद्यकातून अनाथांची मालमत्ता आणि काझीपद हाती येत नाही! स्वतः त्या काळच्या सर्वांत मोठ्या विद्यापीठात, बगदादच्या निझामियात, अध्यापक असलेल्या माणसाची ही साक्ष आहे.

१०९५ मध्ये त्यांनी ते पद सोडले. त्याआधी सुमारे सहा महिने जावे की राहावे या ओढाताणीत गेले आणि अखेर शिकवायला बसल्यावर जीभच चालेना, इतकी अवस्था झाली. सूफींचे ग्रंथ तोपर्यंत त्यांनी वाचून संपविले होते. त्यांना उमगले ते असे, की आरोग्याची व्याख्या जाणणे आणि निरोगी असणे, नशेची लक्षणे सांगता येणे आणि नशेत असणे या निराळ्या गोष्टी आहेत. आजारी वैद्याला आरोग्याची व्याख्या पाठ असते, पण आरोग्य नसते. दमास्कस, जेरुसलेम, मक्का असा प्रवास आणि एकांत यांत वर्षे गेली, आणि ११०६ मध्ये ते निशापूरला पुन्हा शिकवू लागले.

सांख्यजिज्ञासू, आपण मूळ ग्रंथ वाचणार असाल तर आरंभ ‘अल-मुन्किज’ने करा, तो लहान आहे आणि त्याला पूर्वतयारी लागत नाही. त्यानंतर ‘फस्लुल मकाल’ घ्या. आपला सत्कार्यवादाचा प्रश्न मनात ठेवून वाचायचे असेल, तर तहाफुतचे पहिले आणि सतरावे प्रकरण पुरेसे आहे. ‘फुसूस’ मात्र भाष्यावाचून आणि जाणत्या माणसाच्या मदतीवाचून हाती घेऊ नका. माहीमकर यांनी सांगितलेले शुऐब आणि सुलेमान यांचे भाग आधी कोणाकडून समजून घेतलेत, तर बाकीच्याची दिशा लागेल.